आमच्या माघारी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मिरजेत माझी एक खाला राहते. खाला म्हणजे मावशी. वय शहात्तर. पहाटेची नमाज झाली की दोन्ही हात पसरून ती एक दुआ मागते. कित्येक वर्षं ही दुआ मी ऐकत आलो आहे. घरच्या दखनीत ती म्हणते, "या अल्ला, मेरे से एक दिन पैले इसकू उठा." माझ्याआधी एक दिवस याला ने.

'हा' म्हणजे तिचा धाकटा मुलगा. घरात सगळे त्याला 'छोटे' म्हणतात. छोटे आज सत्तेचाळीस वर्षांचा आहे, कानशिलावरचे केस पांढरे झाले आहेत. त्याला जन्मतः डाउन्स सिंड्रोम आहे.

खालाची ही दुआ मला बरीच वर्षं फक्त तिचीच वाटत असे. मग एकदा शाळेतल्या माझ्या गणिताच्या सरांना भेटायला गेलो. सर आता ऐंशीचे आहेत. त्यांची एकुलती मुलगी एक्केचाळीस वर्षांची, तीही बौद्धिक दिव्यांग. सर देवघराकडे बोट करून म्हणाले, "अरे, विठोबाकडे दुसरं काही मागत नाही. हिला माझ्याआधी एक दिवस ने, एवढंच." देव वेगळा, भाषा वेगळी, मागणं तेच. कुठल्याही आईबापाला स्वतःच्या लेकराचं मरण मागावं लागावं, यापेक्षा अवघड गोष्ट कोणती? या मागण्यामागे क्रूरपणा नाही, एक प्रश्न आहे. आमच्या माघारी याचं काय? आज त्या प्रश्नाविषयीच थोडं बोलायचं आहे.

आधी एक खुलासा करतो. बौद्धिक दिव्यांगत्व आणि मनोविकार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मनोविकार कुणालाही, कुठल्याही वयात होऊ शकतो, आणि औषधोपचारांनी तो पुष्कळदा आटोक्यात येतो. बौद्धिक दिव्यांगत्व जन्मापासून किंवा वाढीच्या वयापासून असतं. शिकण्याचा, समजण्याचा, रोजचे व्यवहार पार पाडण्याचा वेग आणि आवाका कमी असतो. तो औषधाने 'बरा' होत नाही. पण शिकवण्याने, सरावाने माणूस पुष्कळ पुढे जातो. पूर्वी आपण सर्रास 'मतिमंद' म्हणायचो. २०११ च्या जनगणनेत देशात अशा सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली. ज्यांच्या घरच्यांनी दारात आलेल्या प्रगणकाला काही सांगितलंच नाही, ते यात अर्थातच नाहीत.

आता हा प्रश्न आजच एवढा मोठा का झाला, ते पाहू. छोटे जन्मला तेव्हा डॉक्टरांनी खालाला सांगितलं होतं, "पंचविशी पाहणार नाही." डॉक्टर खोटं बोलत नव्हते. अगदी अमेरिकेतसुद्धा १९८३ च्या सुमाराला डाउन्स सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं. आज तिथे ते साठीच्या घरात गेलं आहे. जन्मजात हृदयदोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, छातीच्या जंतुसंसर्गावर चांगली औषधं आली, आणि ही मुलं संस्थांत कोंडली न जाता घरात वाढू लागली. आपल्याकडेही अशी पन्नाशी गाठलेली मुलं आता दिसतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण पूर्वी आईबापांच्या हयातीतच संपणारी कहाणी आता त्यांच्या नंतरही पुढे चालणार आहे, आणि तिची तयारी आपण केलेली नाही.

आमच्या घरीही ती नव्हतीच. सहा वर्षांपूर्वी खाला मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती बारा दिवस दवाखान्यात होती. खालू तर आधीच गेले होते. छोटेला आम्ही आमच्या घरी आणलं. पहिल्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईच्या आठवणीने जेवत नाही, असं आम्ही धरून चाललो. रात्री तो उठून बसायचा आणि "बत्ती, बत्ती" म्हणायचा. आम्ही दिवा लावायचो, तर तो आणखी चिडायचा. चौथ्या दिवशी मी दवाखान्यात खालाला हे सांगितलं. ती पडल्या पडल्या म्हणाली, "अरे, भातावर डाळ ओतून दिली असशील! त्याला डाळ वाटीत वेगळी लागते. आणि बत्ती म्हणजे खोलीतली नाही, बाहेरच्या सोप्यातली. दार किलकिलं ठेव."

त्या दिवशी छोटे दोन वाट्या डाळ प्यायला आणि रात्री शांत झोपला. मला मात्र झोप आली नाही. एवढा चार दिवसांचा उपास कशामुळे? डाळ ओतल्यामुळे. चाळीस वर्षांचं सगळं ज्ञान एकट्या खालाच्या डोक्यात होतं. ती त्या मोरीतच गेली असती, तर तेही तिच्याबरोबर गेलं असतं.

मित्रहो, 'आमच्या माघारी काय' असं म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पैसा येतो, घर येतं. ते हवंच. पण त्याच्याही आधी हे ज्ञान मागे ठेवायचं असतं. खाला घरी आल्यावर मी दोनशे पानी वही आणली. खालाला लिहिता येत नाही. ती बोलायची, मी लिहायचो. तो काय खातो, कशाला घाबरतो. कुठली औषधं, किती वाजता. पोट दुखलं की तो पोट दाखवत नाही, कान ओढतो. अनोळखी माणसाने मागून हात लावलेला चालत नाही. दाढी करताना आरसा समोर हवा. रक्तगट, आधीची दुखणी, कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठतं, सगळे कागद कुठल्या पेटीत आहेत. महिन्याभरात साठ पानं भरली. कविता लिहिणारा माणूस मी. पण इतकं उपयोगी असं मी आजवर काही लिहिलेलं नाही.

वही लिहिताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पुष्कळ कामं छोटेला करता येत असूनही खालाच करत होती. शर्टाची बटणं ती लावायची, घास मोडून ती द्यायची. आईची माया खरी. पण माणूस हाताने काही करेनासा झाला की उद्या त्याला सांभाळणाऱ्याचं ओझं दुप्पट होतं. 'आता या वयात काय शिकणार?' हा समज चुकीचा आहे. कामाचे लहान लहान तुकडे पाडायचे, रोज त्याच वेळी त्याच क्रमाने करून घ्यायचे, चुकलं तर न रागावता पुन्हा दाखवायचं. बटणं लावायला छोटे पाच महिन्यांत शिकला. आमच्या मिरजेत सतारी बनवणाऱ्यांची जुनी गल्ली आहे. तिथल्या एका दुकानात तो आता रोज सकाळी दोन तास भोपळ्याला पॉलिशकागद घासायला बसतो. मालक महिन्याला थोडे पैसे देतात. त्या पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे घराबाहेरची सहा-सात माणसं त्याला नावाने ओळखतात. एक दिवस आला नाही, तर चौकशी करतात.

सरांची अडचण निराळी होती. त्यांच्या पत्नी गेल्या आणि मुलीची आंघोळ, पाळीचे दिवस यांचा प्रश्न उभा राहिला. ऐंशीच्या बापाने हे कसं करावं? आणि बोलावं तरी कुणाशी? शेवटी शेजारच्या दोन बायांनी आणि एका विशेष शिक्षिकेने मिळून तिला चार महिन्यांत बरंचसं स्वतःचं स्वतः करायला शिकवलं. जोडीने आणखी एक गोष्ट शिकवली. कुणी नको तिथे हात लावला, तर ओरडायचं आणि सांगायचं. हे धडे मुलांनाही हवेत, मुलींनाही. आणि ते आई असतानाच व्हायला हवेत.

इथे आरोग्याविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आईबाप म्हातारे होतात, तशी ही मुलंही म्हातारी होतात, आणि पुष्कळदा लवकर होतात. डाउन्स सिंड्रोममध्ये पेशीत एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन प्रतींत असतं. अल्झायमरच्या आजारात मेंदूत जे प्रथिन साचतं, त्याचं जनुक नेमकं याच गुणसूत्रावर आहे. म्हणून अशा व्यक्तींमध्ये विस्मरणाचा हा आजार पन्नाशीच्या आसपासच दिसू शकतो. पण प्रत्येक बदलाला 'विस्मरण' म्हणून मोकळं होऊ नये. दोन वर्षांपूर्वी छोटे गप्प गप्प राहू लागला, हाक मारली तरी बघेना, पायऱ्यांवर अडखळू लागला. आम्ही घाबरलो. तपासणीत निघालं काय, तर एका डोळ्यात मोतीबिंदू, कानांत मळाचे खडे आणि थायरॉइडची कमतरता. तिन्हींवर उपाय झाले आणि छोटे पुन्हा भांडायला लागला. कान, डोळे आणि थायरॉइड ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी, एवढं ध्यानात ठेवा.

आता कायद्याकडे वळतो. पुष्कळ पालकांना हे माहीतच नसतं की मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत आईबाप त्याचे पालक राहत नाहीत. मूल सज्ञान होतं. मग त्याच्या वतीने बँकेत किंवा मालमत्तेच्या व्यवहारात सही कुणी करायची? त्यासाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी हा कायदा आहे. त्याखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करू शकतात. पालकाची गरज खरोखर आहे का आणि कशाकशासाठी आहे, हे समिती ठरवते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेबही द्यावा लागतो. त्याने हेळसांड केली किंवा मालमत्तेचा अपहार केला, तर त्याला काढताही येतं. म्हणजे पालकत्व हा मालकीहक्क नाही, ती जबाबदारी आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. त्यातली 'मर्यादित पालकत्वा'ची कल्पना अशी की पालकाने त्या व्यक्तीच्या जागी निर्णय घ्यायचा नाही, तिच्यासोबत घ्यायचा. हे कागदावर सोपं वाटतं. पण आम्ही घरातले सगळे छोटेविषयी त्याच्या समोर बसून बोलत होतो आणि त्याला विचारावं, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मालमत्तेची बाबही नीट समजून घ्यायला हवी. दिव्यांग आहे म्हणून मुलाचा वारसाहक्क बुडत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ स्पष्ट सांगतो की कुठल्याही रोगामुळे वा व्यंगामुळे कुणी वारसा गमावत नाही. आम्हा मुसलमानांतही असं मूल आपल्या हिश्श्याचं वारस असतंच. पण काही पालक मायेपोटी घर मुलाच्या एकट्याच्या नावावर करून टाकतात. उद्या गोड बोलून कुणी त्याचा अंगठा घेतला, तर कोर्टकचेऱ्या कुणी करायच्या? त्यापेक्षा वकिलाच्या सल्ल्याने खाजगी ट्रस्ट करणं बरं. घर किंवा ठेव ट्रस्टकडे, उत्पन्न मुलाच्या खर्चाला, एक विश्वस्त घरातला, एक बाहेरचा; आणि मुलाच्या पश्चात उरेल ते कुणाला, हेही लिहून ठेवलेलं.

मुसलमान पालकांसाठी थोडं अधिक सांगतो, कारण आमच्याकडे इथे गैरसमज फार आहेत. 'मी सगळं धाकट्याच्या नावे मृत्युपत्र करीन' असं खालू म्हणायचे. पण आमच्या कायद्यात मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता देता येत नाही. शिवाय सुन्नी मुसलमानांत जो मुळातच वारस आहे, त्याच्या नावे केलेलं मृत्युपत्र बाकी वारसांच्या संमतीवाचून चालत नाही. हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करता येतं. पण ते नुसतं बोलून होत नाही, ताबाही द्यावा लागतो. म्हणून इतर मुलांना विश्वासात घेणं, हाच खरा मार्ग.

खालूंची दुसरी चूक त्याहून साधी होती. ते गिरणीत होते. कुटुंबाच्या फॉर्मवर त्यांनी दोनच मुलांची नावं लिहिली. तिसऱ्याचं लिहिलं नाही. चार लोकांत सांगायची लाज. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत कायमच्या आणि पूर्ण अपंग मुलाला वयाची अट न लावता निवृत्तिवेतन मिळतं. सरकारी नोकरांच्या अपंग मुलांनाही कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. पण छोटे आपला मुलगा आहे, हे सिद्ध करायला आम्हाला दीड वर्ष कागद गोळा करत हिंडावं लागलं. तेव्हा नोकरीत असलेल्यांनी उद्याच आपले फॉर्म काढून पाहावेत. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवावं. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजनाही आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, वयाची अट नाही आणि आधीपासूनची दुखणीही वगळत नाहीत.

राहण्याचं काय? भाऊ-बहीण सांभाळतील, असं आपण गृहीत धरतो. त्यांना कधी विचारत नाही. खालाची मुलगी इचलकरंजीला असते, मोठा मुलगा पुण्यात. एका ईदला सगळे जमले असताना मी वही मधे ठेवली आणि विषय काढला. आधी कुणी बोलेना. मग मुलगी रडत रडत म्हणाली, "अम्मी मला कधी म्हणालीच नाही. मला वाटायचं, माझ्यावर तिचा भरवसा नाही." मुलगा म्हणाला, "मी पैसे देईन, पण घरी ठेवणं मला जमणार नाही." मला त्याचं बोलणं आवडलं. नंतर तोंड लपवण्यापेक्षा आधीच खरं सांगणं बरं.

ज्यांना कुणीच नाही, त्यांच्यासाठी निवासी संस्था आहेत. मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी १९४४ साली सुरू केलेल्या शाळेतून आजची जय वकील संस्था उभी राहिली. पुण्यात १९६४ पासून कामायनी आहे. शाळा झाल्या, पण शाळेनंतरच्या आयुष्याची सोय पुष्कळदा पालकांनाच एकत्र येऊन करावी लागली. डोंबिवलीजवळ खोणी इथलं 'घरकुल' हे पालकांच्या संघटनेनेच उभारलेलं. मुळशी तालुक्यात कोळवणला 'साधना व्हिलेज' आहे. राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' ही योजनाही प्रौढांच्या कायमच्या निवासासाठीच आहे. पण गरजेच्या मानाने अशा जागा फार थोड्या. म्हणून चौकशी साठीत करावी, ऐंशीत नव्हे. आणि जागा पाहायला जाल तेव्हा जेवणाच्या वेळेला जा. ताटं पाहा, संडास पाहा, तिथल्या मुलांची नखं पाहा. दिवसभर त्यांच्या हाताला काही काम आहे का, ते पाहा. चकचकीत माहितीपत्रकापेक्षा ही नखं जास्त खरं सांगतात.

त्या ईदच्या बैठकीत शेवटी मी छोटेला विचारलं, "तुला कुठे राहायचंय?" तो म्हणाला, "अम्मी." मी म्हटलं, "आणि अम्मी नसली तर?" खालाने मला डोळ्यांनी दटावलं. छोटेने बराच वेळ विचार केला. मग बहिणीकडे बोट दाखवून म्हणाला, "आपाकडे. पण दुकान पायजे." त्याला मरण कळत नाही, असं आम्ही समजत होतो. खालू गेले तेव्हा त्याला 'अब्बा गावाला गेलेत' असं सांगितलं होतं, आणि तो दोन वर्षं बसस्टँडवर जाऊन बसायचा. त्याला आम्ही कब्रस्तानात नेलं असतं, मातीची मूठ टाकू दिली असती, तर ती दोन वर्षं वाचली असती.

आता महिन्यातून दोन दिवस छोटे इचलकरंजीला राहतो. वही सोबत जाते. पहिल्या रात्री तो रडला. इकडे मिरजेत खालाही रात्रभर जागी होती. जन्मात पहिल्यांदा तिच्या कुशीला घर रिकामं होतं. तिसऱ्या खेपेला तिने फोन केला, तर छोटे फोनवर यायला तयार नव्हता. आपाबरोबर लसूण सोलत बसला होता. इचलकरंजीत 'दुकान' अजून मिळालेलं नाही. शोधतो आहोत. सगळे प्रश्न सुटले, असं मी म्हणणार नाही.

परवा मी पहाटे खालाकडे होतो. नमाजनंतर ती हात पसरून बसली. मी कान देऊन ऐकत होतो. दुआ नेहमीपेक्षा लांबली. बऱ्याच गोष्टी तिने मागितल्या. मुलीच्या गुडघ्यांसाठी मागितलं, छोटेच्या डोळ्यांसाठी मागितलं, दुकानाच्या मालकासाठीही मागितलं. ती 'एक दिवस आधी'ची ओळ त्यात होती की नाही, ते सांगत नाही. तो तिचा आणि तिच्या अल्लाचा मामला आहे.

तुमच्या घरी, शेजारी, नात्यात असं कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्या घरी एक दोनशे पानी वही घेऊन जा. आईला म्हणावं, "तुम्ही बोला, मी लिहितो." पहिल्या पानावर तो डाळ कशी खातो, ते लिहा.